फोडणीआधी पोपटाचा वाटा काढा

पोपट पाळणाऱ्या बहुतेक घरांत त्याच्या जेवणाचा विचार दोनच वेळा होतो. एकदा दुकानातून दाण्यांची पिशवी आणताना, आणि एकदा आपण जेवत असताना तो मान वाकडी करून आपल्या ताटाकडे बघतो तेव्हा. पहिल्या वेळी त्याची वाटी सूर्यफुलाच्या बियांनी भरते. दुसऱ्या वेळी पिंजऱ्यात पोळीचा तुकडा, चिमूटभर शेव नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट जातं. खरं तर त्याला जे हवं ते आपल्या घरात रोज येतं. भाजीच्या पिशवीतून ओट्यावर येतं, आणि त्यावर तेल-मीठ-तिखट पडलं की पोपटाच्या कामाचं राहत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: भाजी चिरून झाली की कढईत टाकण्याआधी मूठभर बाजूला काढा. ती मूठ कशाची असावी, कशी चिरावी आणि कशी द्यावी, ते पुढे सांगते.

त्याआधी कायद्याचं. हे सगळं बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव असे पिंजऱ्यात पैदास झालेले परदेशी पक्षी पाळणाऱ्यांसाठी आहे. आपला देशी हिरवा राघू, तसाच खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा करण पोपट, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘आमच्याकडे पंधरा वर्षांपासून आहे, घरातलाच झालाय’ हे कायद्यापुढे चालत नाही. असा राघू घरात असेल तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पुण्य म्हणून गच्चीवरून उडवून मात्र देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, कावळ्यांना आणि मांजरांना तो लगेच सापडतो. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्यूर यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, तीही केली नसेल तर करून घ्या.

आता दाणे. सूर्यफुलाचं बी सोललं की आतल्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. जीवनसत्त्व अ जवळपास नाही, कॅल्शियम नाममात्र आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. ‘करडई हलकी असते’ असं दुकानदार सांगतात, पण करडईपासून आपण घाण्यावर तेल काढतो हे विसरू नका. ऑस्ट्रेलियाच्या माळांवर रानटी बजीही गवताचं बीच खातो. ते बी बारीक असतं, पुष्कळदा हिरवं आणि दुधाळ असतं, आणि त्यासाठी तो दिवसभर उडत असतो. आपल्या दिवाणखान्यातला बजी एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जातो, एवढाच त्याचा प्रवास. शिवाय ‘मिक्स’ दाणे वाटीत घातले की पोपट आवडीचं तेवढं वेचतो आणि बाकीचं उडवून देतो. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते तीही फसवी, कारण वर नुसती टरफलं असतात. फुंकर मारून बघा.

अशा खाण्यावर पक्षी काही वर्षं छान दिसतो, म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही. मग कधीतरी नाकपुड्या चोंदतात, शिंका येतात, डोळ्यांभोवती सूज दिसते, तोंड उघडून पाहिलं तर आत टाळूवर पांढरट चट्टे असतात. घरचे म्हणतात, पंख्याखाली ठेवल्याने सर्दी झाली. पुष्कळदा ती जीवनसत्त्व अ च्या अभावाची खूण असते. हे जीवनसत्त्व नाक, घसा, श्वासनलिका यांचं अस्तर धड ठेवतं, ते कमी पडलं की जंतूंना दार उघडं. दुसरीकडे यकृतावर चरबी चढते, अंगावर मांस दिसतं पण पक्षी दोन फूट उडून धापा टाकतो. आफ्रिकन ग्रेच्या रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्याला झटके येतात, तो दांडीवरून खाली पडतो. मादी कॉकाटील किंवा बजीचं अंडं आत अडकतं आणि ती एका दिवसात जाते.

बाजारात पोपटांसाठी तयार गोळीखाद्य मिळतं, पेलेट म्हणतात त्याला. चांगल्या प्रतीचं असेल तर ते जरूर द्यावं. मोठ्या पोपटांच्या बाबतीत बहुतेक पक्षीवैद्य निम्म्याहून जास्त आहार पेलेटचा असावा असंच सांगतात, कारण त्यात पक्ष्याला वेचून खाता येत नाही. बजीला आणि कॉकाटीलला राळा, बाजरी, वरी असे बारीक दाणेही हवेतच. पण पेलेट महाग आहेत आणि गावोगावी मिळत नाहीत, म्हणून लोक हात टेकतात आणि पुन्हा सूर्यफुलावर येतात. तसं करायचं कारण नाही. मेथीची जुडी गावोगावी मिळते.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे पेरूची फोड, हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. तिच्यात चांगलं पुष्कळ होतं. मिरचीचं तर लोकांना कौतुक वाटतं की हा न ठसकता खातो कसा. याचं उत्तर विज्ञानाने दिलंय. मिरचीतल्या कॅप्सेसिनने आपल्या नसांवरचा जो ग्राहक पेटतो, तोच ग्राहक पक्ष्यांतही असतो, पण कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. डेव्हिड ज्यूलियस यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत २००२ मध्ये हे दाखवलं, याच विषयातल्या कामासाठी त्यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. मिरचीच्या झाडाचा यात फायदा आहे. उंदरासारखे प्राणी बी चावून फोडतात, पक्षी ते अख्खं गिळून दूरवर टाकतो. तेव्हा मिरची खुशाल द्या. लाल, ताजी, पिकलेली असेल तर उत्तमच, कारण तिच्यात जीवनसत्त्व अ तयार करणारे घटक भरपूर असतात. फक्त ती धुतलेली हवी, आणि ताटातली तळलेली, मीठ लावलेली किंवा लोणच्यातली नको. मिरची खाल्ल्याने पोपट लवकर बोलायला लागतो, हे मात्र खरं नाही.

या जुन्या पद्धतीत उणीव होती ती पालेभाजीची. तिथूनच सुरुवात करा.

पक्षी पाळणारे ज्याला ‘चॉप’ म्हणतात तो प्रकार म्हणजे बिनमिठाची, बिनदह्याची, बिनफोडणीची कोशिंबीर. आठवड्यातून एकदा तासभर बसलं की सात-आठ दिवसांचं काम होतं. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला, मुळ्याचा पाला यांपैकी जे हाताशी असेल ते घ्या. शेवग्याचा पाला मिळाला तर सोडू नका. त्यात कॅल्शियमही आहे आणि जीवनसत्त्व अ चा साठाही, आणि तो आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. पाला निवडून मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवा, त्यात खायचा सोडा चमचाभर विरघळवा. बारा-पंधरा मिनिटं ठेवून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. वरच्या फवाऱ्यांचा अंश सोड्याच्या पाण्याने बऱ्यापैकी निघतो, आत मुरलेला निघत नाही. तेव्हा दारात कुंडीत लावलेली मेथी सगळ्यांत चांगली.

पुढची पायरी लोक हमखास गाळतात, ती म्हणजे वाळवण्याची. धुतलेला पाला सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवा. पान बोटात धरलं तर बोट ओलं होता कामा नये. ओला पाला चिरला की डब्याच्या तळाशी हिरवं पाणी साचतं, दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो आणि तिसऱ्या दिवशी तो चिकट होतो. पंच्यावर तास-दीड तास वाळलेला पाला सुरीखाली कोरडा, मोकळा चिरला जातो आणि डब्यात तसाच मोकळा राहतो. मिक्सर लावू नका, त्याने चटणी होते आणि चटणीला पोपट तोंड लावत नाही. दोरी ओढून चालवायचा चॉपर असेल तर काम भराभर होतं.

किती बारीक चिरायचं ते पक्ष्यावर ठरतं. बजीसाठी मोहरीएवढं, नाहीतर तो पानाचा तुकडा उचलून बाहेर फेकतो. कॉकाटीलला थोडं मोठं चालतं. आफ्रिकन ग्रे आणि मकाव यांना उलट मोठे तुकडेच हवेत. गाजराची कांडी, शेंगेसकट मटार, मक्याच्या कणसाची चकती असं काहीतरी पायाच्या पंज्यात धरून, सोलून, अर्धं खाली टाकून खाण्यात त्यांचा वेळ जातो, आणि पिंजऱ्यातल्या शहाण्या पक्ष्याला वेळ जाणं ही मोठी गरज असते. कंटाळलेला ग्रे स्वतःची पिसं उपटतो.

पाल्यात रंगीत भाज्या मिसळा: किसलेलं गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, फरसबी, ब्रोकोली, काकडी, उकडून कुस्करलेलं रताळं. जीवनसत्त्व अ साठी केशरी आणि गडद हिरवा हे दोन रंग डोळ्यांसमोर ठेवले की चुकत नाही. काकडी-कलिंगडात पाणीच जास्त, ते उन्हाळ्यात गारव्यासाठी. दुधीची आणि काकडीची फोड आधी स्वतः चाखा, कडू लागली तर आख्खं फळ फेकून द्या. पालक, चुका, लाल माठ यांत ऑक्झलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून या भाज्या अधूनमधून, रोज नाही. अळूचं पान कच्चं कधीच नाही, आपल्या घशाला खाज आणणारे स्फटिक त्याच्याही घशात टोचतात. कच्चा बटाटा, विशेषतः हिरवट पडलेला, नको. टोमॅटोची पानं-देठं नकोत. ओळख पटत नसलेली रानभाजीही नको.

मग धान्य आणि कडधान्य. मीठ न घालता शिजवलेला गव्हाचा दलिया, वरी, राळा, हातसडीचा तांदूळ यांतलं एखादं पूर्ण गार करून मिसळा. नाचणीला विसरू नका, आपल्या धान्यांत कॅल्शियमसाठी तिचा हात कुणी धरत नाही. मूग आणि मटकीला मोड आणा, पण भाजीसाठी आणतो तसे लांब मोड नकोत. रात्रभर भिजवून, पाणी ओतून, दोन-तीनदा धुवून फडक्यात बांधा. मोडाचं टोक नुसतं डोकावलं की झालं. फडकं सोडल्यावर आधी वास घ्या. कच्च्या शेंगेसारखा हिरवा वास आला तर ठीक. आंबूस वास आला किंवा दाणे बोटांना बुळबुळीत लागले तर सरळ कचऱ्यात टाका, धुवून वापरू नका. पावसाळ्यात मी मोड वाफवूनच देते, चव थोडी कमी झाली तरी हरकत नाही. राजमा, पावटा, वाल यांची गोष्ट वेगळी. कच्च्या स्थितीत त्यांत विषारी लेक्टिन असतं, राजम्यात तर फारच. भिजवा, ते पाणी फेका, कुकरमध्ये बोटाने दाबून पिठूळ होईपर्यंत शिजवा, आणि मगच द्या. हरभऱ्याची भिजवलेली डाळ चालते, पण सकाळी घातलेली डाळ दुपारी काढलीच पाहिजे, उन्हाळ्यात ती चार तासांत आंबते.

साधारण मोजायचं तर या मिश्रणात निम्म्याहून जास्त पाला आणि भाजी, उरलेलं धान्य-कडधान्य. तराजू लागत नाही. फळ यात मिसळू नका. एक तर त्याच्या रसाने चॉप लवकर नासतो, आणि दुसरं म्हणजे पोपट गोड तेवढं वेचून मोकळा होतो. मिश्रणाच्या लहान डब्या भरून फ्रीझरमध्ये ठेवा. एक-दोन बजी असतील तर बर्फाचा ट्रे उत्तम, एका सकाळी एक वडी पुरते. रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये काढा, सकाळी खोलीच्या तापमानाला आणा, पाणी सुटलं असेल तर दाबून काढा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. तीन-चार आठवड्यांत संपवा.

देण्याची वेळ सकाळची, उठल्यावर तो भुकेला असतो तेव्हा. बजीला चहाच्या चमच्याने एक चमचा, कॉकाटीलला दोन, ग्रेला पाव वाटी. दोन तासांनी वाटी उचला. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात एका तासाने. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं हवं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची वाटी आणि बिनकल्हईचं तांब्या-पितळेचं भांडं दोन्ही नको. पाणी दिवसातून दोनदा बदला आणि त्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकू नका. थेंबांनी पाण्याची चव बदलते, पक्षी कमी पितो आणि त्या पाण्यात जंतू मात्र झपाट्याने वाढतात. शिवाय पेलेट खाणाऱ्या पक्ष्याला जीवनसत्त्व अ चा डोस जास्तही होऊ शकतो.

ऋतूप्रमाणे मिळणाऱ्या गोष्टींवर मात्र मी थोडी रेंगाळणार, कारण पोपटाची खरी चैन तिथे आहे. पौषात हुरडा येतो. दुधाळ दाण्यांचं ज्वारीचं कोवळं कणीस तसंच्या तसं पिंजऱ्याच्या जाळीला बांधा, भाजू नका. बजी त्याला उलटे लटकतात, दाणा चोचीत फिरवून साल बाजूला टाकतात, चोचीला पांढरं दूध लागतं. बाजरीचं हिरवं कणीसही तसंच. घाटे आले की ओल्या हरभऱ्याची डहाळी द्या. मोठे पोपट एकेक घाटा फोडून सोलाणे काढतात आणि तास दोन तास घरात शांतता असते. शेतावरून आणलेलं असेल तर फवारणी कधी झाली ते विचारा, आणि रस्त्याच्या कडेचं गवताचं बी तोडून आणू नका, त्यावर धूर आणि कुत्री दोन्ही होऊन गेलेली असतात.

फळं थोडी द्या. दिवसाच्या खाण्यात दहावा हिस्सा पुरे. पपई, पेरू, डाळिंब, आंबा, जांभूळ, केळं यातलं काहीही चालतं. बिया मात्र बघा. सफरचंदाच्या बिया आणि पीच, जर्दाळू, प्लम यांच्या आठळ्या फोडल्या की सायनाइड सुटतं, मोठा पोपट त्या सहज फोडतो. सीताफळाच्या बिया विषारी, चिकूच्या बियांना आकडा असतो. पेरू, पपई, डाळिंब यांच्या बियांची भीती नाही. बीट खाल्लं की शीट लाल होते आणि कलिंगड खाल्लं की पातळ, दोन्हींनी घाबरू नका. दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली नाही तर मग डॉक्टर.

आता जीवावर बेतणाऱ्या गोष्टी. हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. पहिलं नाव अवोकाडोचं. पूर्वी आपल्या घरात ते नव्हतं, आता पुण्या-मुंबईच्या भाजीवाल्याकडे ‘बटर फ्रूट’ म्हणून मिळतं आणि न्याहारीच्या टोस्टवर असतं. त्यातलं पर्सिन हे द्रव्य पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूंवर घाव घालतं. बजी एक-दोन दिवसांत मरतात, आणि किती खाल्लं तर चालेल याला उत्तर नाही. पान, साल, गर, बी काहीच नको. चॉकलेट, चहा, कॉफी, दारू यांचा थेंबही नको. कांदा-लसूण नको, मशरूम नको. शेव, पापड, वेफर्स, फरसाण यांतलं मीठ आपल्याला चवीपुरतं वाटतं, तीस-चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याला ते विष आहे. दूध-पोळी विष नाही, पण पक्ष्याला दूध पचवता येत नाही.

शेंगदाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो आपल्याला निर्धोक वाटतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला आणि तिथून अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं. ओलसर शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी ते तयार करते, ते यकृत निकामी करतं, आणि दाणे भाजल्याने ते जात नाही. बुरशी डोळ्यांना दिसेलच असंही नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात शेंगदाणे पोपटाला न दिलेलेच बरे. एरवीही माणसांसाठी निवडलेले, कोरडे, खवट न लागणारेच द्या, ‘पक्ष्यांसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणारे नकोत. दाण्यांची पिशवी उघडल्यावर कुबट वास आला किंवा जाळी दिसली तर तीही परत करा.

आणि स्वयंपाकघरातच पिंजरा ठेवला असेल तर तो आज हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा, मोठ्या आचेवर राहिला की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. पक्ष्याची फुप्फुसं हवेतलं सगळं फार झपाट्याने ओढून घेतात, विषही. काही एअर फ्रायर आणि सँडविच मेकर यांना तोच लेप असतो. बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. जळलेल्या तेलाचा धूर, धूप, मच्छर कॉइल यांपासूनही पिंजरा लांब हवा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्या. माकुळ नावाच्या समुद्रजीवाचं ते आतलं कवच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, कोकणच्या किनाऱ्यावर वाहूनही येतं. किनाऱ्यावरचं असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि जाळीला अडकवा. अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, कुटून चालतं. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा, जास्त दिला तर बजी अंडी घालायच्या मागे लागतात. वाळू-खडीची गरज नाही, पोपट दाणा सोलून खातो. पण खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि त्यासाठी ऊन हवं. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. सकाळी पिंजरा गॅलरीत ठेवा, अर्ध्यावर सावली धरा, आणि तिथून हलू नका, घारी-मांजरांचा भरवसा नसतो.

आता सगळ्यांची तक्रार: आमचा खातच नाही. बरोबर आहे. जन्मापासून दाणे खाल्लेल्या बजीला मेथी हे अन्न आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून दाणे एकदम बंद करू नका, तो उपाशी मरेल. चॉप सपाट ताटलीत पातळ पसरून वर राळ्याचे थोडे दाणे भुरभुरवा, दाणे वेचता वेचता पानाची चव लागते. कोथिंबिरीची जुडी ओली करून दांडीजवळ टांगा. बजी आधी तिच्यात अंघोळ करतात, मग कुरतडतात. त्याच्यासमोर बसून तुम्ही गाजर खा, जरा मिटक्या मारत खा. एकट्याने खाणं त्याच्या स्वभावात नाही. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला सहा महिने. दोन दिवस वाटी जशीच्या तशी परत आली म्हणून सोडून देणारेच जास्त, तिथे चुकतं.

घरातल्या आजी-आजोबांशी भांडू नका. त्यांना त्याला काहीतरी भरवायचं असतं, ते मायेनेच. त्यांच्या हाताशी डाळिंबाच्या दाण्यांची नाहीतर मटारची छोटी डबी ठेवा आणि बिस्किटांचा पुडा लांब ठेवा. पाहुण्यांना मात्र स्पष्ट सांगा. दिवाळीत फराळाच्या ताटातली चकली पिंजऱ्यात सरकवणारा एक तरी पाहुणा असतोच.

शेवटचं काम तराजूचं. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा घ्या, त्यावर दांडी किंवा वाटी ठेवून रोज सकाळी खाण्याआधी पक्षी तोला आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. पाळीव बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतो, कॉकाटील ८० ते १००, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५००. खाणं बदलताना त्याचं नेहमीचं वजन दहा टक्क्यांनी घटलं तर थांबा, जुनं खाणं पूर्ववत द्या आणि डॉक्टरांना दाखवा. पोपट आजार लपवतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं, आणि तेव्हा हातात दिवस नसतात, तास असतात. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. तुमच्या गावापासून जवळात जवळ पक्षी तपासणारे डॉक्टर कोण ते आजच विचारून ठेवा, आणि नंबर फ्रीजच्या दारावर लावा.